लालभडक साल्वियाच्या बाजूने

(ठाण्यात बागप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. थंडीची फुलं लावायची म्हटली की प्रत्येक सोसायटीत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, गेटपाशी लाल साल्विया आणि पिवळा झेंडू लावा, विषय संपला. दुसरा नाक मुरडतो: हे चौकातल्या बेटासारखं दिसतं, काहीतरी सौम्य लावा, पांढरं, फिकट जांभळं. मग वर्गणी अडते. आज मी या भांडणात पडणार आहे आणि माझा कल साल्वियाकडे आहे, हे आधीच सांगून टाकते.

पण आधी एक घोळ निस्तरू. बियांच्या पाकिटांवर, परदेशी व्हिडिओंमध्ये ‘हिवाळी फुलं’ म्हणून जी यादी येते ती आपली नव्हे. इंग्लंडात पिटुनिया, साल्विया, झेंडू ही उन्हाळी फुलं. रात्रीचं दव गोठायचं थांबलं की मे महिन्याच्या शेवटी ती वाफ्यात जातात. त्यांचा हिवाळी ताटवा पॅन्सी, व्हायोला, प्रिमरोझ, वॉलफ्लॉवर यांचा. ही झाडं कडाक्याची थंडी सोसतात. ठाण्याच्या थंडीत पहाट सतरा-अठरा अंशांची आणि दुपार तिशीपार. त्यांच्या उन्हाळी फुलांना हे मानवतं, त्यांच्या हिवाळी फुलांना नाही.

म्हणून पॅन्सीचं काय होतं बघा. रोपं बऱ्याचदा पुण्याकडून, उरुळी कांचनच्या बाजूने येतात. तिकडे रात्री चांगल्या गार, त्यामुळे रोप बुटकं, भरीव, मधोमध मांजराच्या तोंडासारखं फूल. घोडबंदर रोडच्या नर्सरीत ते पाहून कोणीही पाघळेल. घरी आणल्यावर पंधरा-वीस दिवस ते तसंच राहतं, मग उंच, लुकडं होत जातं, फुलं बारीक पडतात आणि फेब्रुवारीत मान टाकतं. खत वाढवून उपयोग नाही, त्याला रात्रीचा गारवा हवा असतो. तरी पॅन्सी आवडते ना? मग ती फुलदाणीतल्या फुलांसारखी महिनाभराची पाहुणी समजून आणा, माझी हरकत नाही. तेवढ्याच पैशांत फ्लॉक्स आणलंत तर तीन महिने बघाल. हे फ्लॉक्स टेक्ससचं. थॉमस ड्रमंड या स्कॉटिश माणसाने १८३५ च्या सुमारास त्याचं बी ब्रिटनला पाठवलं. टेक्ससचं ऊन खाल्लेलं झाड आहे, ठाण्याला घाबरत नाही.

दुसरा वाद ‘आपली’ फुलं आणि ‘विलायती’ फुलं यांचा. पिटुनिया नको, आपलं काहीतरी लावा, असं ज्येष्ठ मंडळी म्हणतात. आपलं म्हणजे काय, विचारलं की उत्तर येतं झेंडू, निशिगंध, गुलबक्षी. झेंडू मेक्सिकोचा, निशिगंधही मेक्सिकोचा, गुलबक्षी अमेरिका खंडातून आलेली. शेवंती चीनची. सदाफुली मादागास्करची. खरीखुरी इथली म्हणावी अशी अबोली आहे, आणि ती बिचारी या वादात कोणाला आठवत नाही. झेंडूशिवाय दसरा होत नाही, तेव्हा पिटुनियालाही थोडा अवधी द्यायला हवा.

खरा मतभेद आहे तो तोडण्याचा. एका घरात फूल तोडायचं असतं: देव्हाऱ्यात, मार्गशीर्षातल्या गुरुवारी कलशापाशी, वेणीत. दुसऱ्या घरात फुलाला हात लावला तर आरडाओरडा होतो. बहुतेक वेळा सासूबाई पहिल्या पक्षाच्या आणि सूनबाई दुसऱ्या, पण मी याच्या बरोबर उलटंही पाहिलंय. तोडणारे म्हणतात, जे देवाला वाहता येत नाही, ज्याला वास नाही, त्याला पाणी का घालायचं? न तोडणारे म्हणतात, फूल झाडावरच शोभतं.

झाडाला विचाराल तर ते तोडणाऱ्यांच्या बाजूने आहे. ही सगळी एका हंगामाची झाडं. बी धरणं हे त्यांचं काम, एकदा बी धरलं की फुलायची गरज संपली. फूल सुकेपर्यंत राखून ठेवता, खाली बोंड भरतं आणि झाड म्हणतं, माझं झालं. जानेवारीच्या मध्यालाच झाड थकलं अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक न तोडणारे असतात. रोज सकाळी परडीभर झेंडू काढणाऱ्या आजींचं झाड मार्चपर्यंत चालतं. तेव्हा सौंदर्यवाद्यांनी निदान सुकलेली फुलं तरी देठासकट खुडावीत. पिटुनियाची नुसती पाकळी ओढून काढू नका. पाकळी हातात येते, बोंड मागेच राहतं.

आणि पिटुनियाला वास नसतो, हेही अर्धंच खरं. आजच्या पिटुनियाच्या पूर्वजांपैकी एक पांढरी रानजात संध्याकाळनंतर सुगंध सोडते, रातपतंगांना बोलवायला. पांढऱ्या कुंडीजवळ रात्री नाक नेऊन बघा. अजून थोडा वारसा उरलेला असतो.

आता साल्विया. तिच्यावरचा ‘भडक’ हा आरोप आपला नाही, तोही इंग्लंडातून आलाय. तिथे १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला, काचघरं स्वस्त झाली, आणि श्रीमंतांच्या बागांतून भडक फुलांच्या हजारो रोपांचे गालिचे अंथरले जाऊ लागले. त्यावर विल्यम रॉबिन्सन नावाचा आयरिश माळी १८७० पासून तुटून पडला; बाग नैसर्गिक दिसावी असा त्याचा आग्रह. तिथल्या ढगाळ, मऊ उजेडात त्याचं म्हणणं पटण्यासारखं आहे. आपल्याकडे सकाळी अकराचं ऊन डोक्यावर असतं. त्या उन्हात फिकट गुलाबी फूल धुतल्यासारखं दिसतं. लाल तेवढा उभा राहतो.

संध्याकाळी मात्र उलट होतं. उजेड कमी झाला की आपल्या डोळ्याला लाल आधी काळवंडतो, निळा आणि पांढरा मागे उरतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे नोंदवलंय. म्हणून सोसायटीच्या बैठकीत कोणता रंग चांगला, हे विचारू नका. तुम्ही बघता कधी, ते विचारा. गेटपाशी दिवसा वर्दळ असते, शाळेची बस थांबते, तिथे साल्विया-झेंडू. तुमची गॅलरी मात्र तुम्ही सातच्या लोकलमधून उतरल्यावरच बघणार, तिथे पांढरा पिटुनिया, अ‍ॅलिसम, निळसर अ‍ॅस्टर. दोन्ही पक्षांची सोय झाली आणि वर्गणीही निघाली.

गॅलरी कोणत्या दिशेला आहे, हे मात्र आवडीनिवडीच्या वरचं कोर्ट. ठाणे साधारण १९ अक्षांशावर. जूनमध्ये दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला जातो, तेव्हा दक्षिणेची गॅलरी सावलीत. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला, भर दुपारीही ४७ अंशांच्या आसपासच वर असतो, म्हणजे ऊन थेट आत येतं. दक्षिण गॅलरीवाले थंडीत राजे. समोर टॉवर नसेल तर. उत्तरेच्या गॅलरीवाल्यांनी पिटुनियाचा मोह सोडावा. पाच-सहा तास उन्हाशिवाय तो नुसती पानं देतो. तुमच्यासाठी इम्पेशन्स आहे, तेरड्याची चुलत बहीण, ती सावलीत हसते.

शेवंतीचं एक वेगळंच. तिला ऊन दिवसा लागतं आणि अंधार रात्री. लांब रात्र मोजून ती कळ्या धरते. डिसेंबरात आपल्याकडे रात्र सुमारे १३ तासांची असते, तेवढी तिला पुरते. पण गॅलरीत रात्रभर दिवा जळत असेल किंवा रस्त्याचा खांब समोर असेल, तर तिच्यासाठी रात्र होतच नाही. फुलशेती करणारे याच गोष्टीचा फायदा घेतात. रात्री दिवे लावून शेवंती थोपवून धरतात आणि हव्या त्या वेळी बाजारात आणतात. तुम्ही तेच फुकटात, नकळत करत असता. मार्गशीर्षात शेवंती हवी असेल तर कळ्या दिसेपर्यंत कुंडी रात्री अंधाऱ्या कोपऱ्याला ठेवा, नाहीतर जांभळी नाक्यावर पैसे मोजा.

बी पेरणाऱ्यांसाठी थोडं. पिटुनियाचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास बसतं. बारीक वाळूत मिसळून वरच्यावर भुरभुरा, मातीने झाकू नका, त्याला रुजायला उजेड लागतो. ऑक्टोबरच्या पहिल्या उन्हात नाही, महिना सरताना पेरा. नॅस्टर्शियमला मात्र जास्त खत घालू नका, सगळी ताकद पानांत जाते. ती पानं खाता येतात, मोहरीसारखी तिखट, म्हणून काही जण मुद्दाम घालतात म्हणे!

आणि मार्चमध्ये बी धरायचं असेल तर साध्या झेंडूचं धरा. महाग पाकिटांवर ‘एफ-वन’ लिहिलेलं असतं, ती संकरित पहिली पिढी. तिच्या बियांतून पुढच्या वर्षी तेच फूल येईल असं नाही. कोणी उंच, कोणी फिकट, कोणी एकेरी. ज्यांना एकसारख्या रांगा हव्यात त्यांनी दर वर्षी नवं पाकीट घ्यावं. मला त्या मिसळीत मजा येते. पण गेटपाशी ती लावू नका, समोरचा पक्ष लगेच बैठक बोलावेल.