आधी तक्रार, मग आरती

(दृश्य : पालखीतळ, संध्याकाळ. गोलाकार उभ्या दिंड्या. टाळांचा गजर.)

माउलींची पालखी तळावर आली आहे. दिंड्या तिच्याभोवती कोंडाळं करून उभ्या राहिल्यात. टाळ टिपेला पोचलेत, शेजारच्याला हाक मारली तरी ऐकू जाणार नाही. आता सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांच्या हाताकडे बघा.

(दृश्य : चोप वर जातो. "होऽऽ!" शांतता.)

चांदीने मढवलेला एक दंड वर गेला आणि हजारो टाळ गप्प झाले.

सगळे मात्र नाही. जरा कान द्या. मागच्या अंगाला एका दिंडीचे टाळ अजून वाजतायत. त्यांना चोप दिसला नाही असं नाही, ते मुद्दामच वाजवतायत. याचा अर्थ तळावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे : या दिंडीची काहीतरी तक्रार आहे. ती ऐकून घेतल्याशिवाय आरती होत नाही.

(दृश्य : चोपदार गर्दीतून वाट काढत त्या दिंडीकडे जातात. विणेकरी बोलतोय. चेहरे जवळून.)

इथे तक्रार करणारा पुढे येत नाही, चोपदार त्याच्यापर्यंत चालत जातात. कार्यालयाबाहेर अर्ज घेऊन ताटकळलेल्या माणसाला विचारा, यात काय फरक आहे ते.

तक्रारी कसल्या? पाण्याचा टँकर आमच्या राहुट्यांपर्यंत आलाच नाही. आमच्या नेमल्या जागेवर दुसऱ्यांनी तंबू ठोकले. वाटेत कोणी तरी क्रम मोडून मध्ये घुसलं. सामानाचा ट्रक पोलिसांनी मागेच अडवला, स्वयंपाकाची भांडी त्यातच आहेत, दीडशे माणसं उपाशी आहेत. जे जागच्या जागी सुटण्यासारखं, ते सोडवतात. जे मोठं असतं ते सोहळ्याचे मालक, संस्थानचे विश्वस्त आणि दिंडीप्रमुखांच्या बैठकीत जातं. टाळ थांबले की हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो. कोणाची पिशवी, कोणाचा चष्मा, कोणाची म्हातारी आई. मग उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात. आरती त्यानंतर.

हिचं नाव समाजआरती.

(दृश्य : दिवे घाट. नागमोडी रस्त्यावर पताकांची रांग, वरून घेतलेलं चित्रण.)

ही घडी आपोआप बसलेली नाही. साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी चाकरीला होते. लष्करी शिस्त अंगात मुरलेला माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी आळंदीच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं. बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आले. दोन अश्व : एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ रिकामी. तो माउलींचा.

त्याआधी देहूहून तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज पालखी नेत. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका तेव्हा एकत्र जात. आज दोन पालख्या, दोन रस्ते.

रथाच्या पुढे २७ दिंड्या, मागे शेकडो. प्रत्येकीला क्रमांक असतो आणि तो जागचा हलत नाही. एखाद्या दिंडीनं पुढचीला ओलांडलं, तर त्याच संध्याकाळी टाळ वाजत राहतील याची खात्री बाळगा.

(दृश्य : एक दिंडी पुढून मागे. कॅमेरा सावकाश सरकतो.)

दिंडी पुढून मागे बघत या. आधी पताका घेतलेले. मग टाळकरी, दोन्ही हातांना समोरासमोर रांगा. मध्ये मृदंग. त्यामागे विणेकरी. त्यामागे डोक्यावर तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. टाळकरी शेकडो असतील, वीणा एकच. अभंग विणेकऱ्यानं उचलायचा, बाकीच्यांनी धरायचा. वीणा जमिनीवर टेकवायची नाही. हात भरून आला की दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, देताना एकमेकांच्या पाया पडायचं. देणारा सत्तर वर्षांचा, घेणारा पंचविशीचा असला तरी दोघंही वाकतात.

मृदंगाकडेही बघा. डाव्या तोंडाला कणीक लावलीय. पावसाळी हवेत वादी सैल पडते, कणीक ओघळते आणि आवाज बसतो. म्हणून मृदंगावर प्लास्टिक, आणि वादकाच्या पिशवीत पिठाची पुडी.

खर्चाला भिशी. ज्यानं-त्यानं दिंडीप्रमुखाकडे ठरलेली रक्कम भरायची. त्यातून ट्रक, राहुट्या, आचारी, धान्य. पहाटे ट्रक पुढच्या तळावर निघून जातो, माणसं चालत पोचेपर्यंत चुली पेटलेल्या असतात. हिशेब बिघडतो तो ऐन वेळी शिरलेल्या माणसांमुळे. शंभरांची भाकरी एकशे चाळीसांत वाटायची वेळ येते, आणि पंगतीवरून कोणाला उठवायचं नाही हा वारीचा दंडक.

(दृश्य : रिंगण. अश्व धावतो. टापांखालची माती कपाळाला लावणारे हात.)

(इथे निवेदन नाही. पूर्ण फेरी दाखवावी.)

(दृश्य : पंढरपूर. महाद्वार, नामदेव पायरी. समोर चोखोबांची समाधी.)

या शिस्तीत राष्ट्र घडवण्याचं बळ आहे का, यावर महाराष्ट्रात जुनं भांडण आहे. न्यायमूर्ती रानडे म्हणत, संतांनी सगळ्या जातींना एका वाटेवर आणलं, त्यातून मराठ्यांचं राज्य उभं राहिलं. इतिहासाचार्य राजवाड्यांना हे मुळीच पटत नव्हतं; संतांनी माणसं निवृत्त केली, असं त्यांचं म्हणणं.

दोघांनाही अडचणीत टाकणारी जागा ही. पायरीशी चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यात गावकुसाचं बांधकाम कोसळून ते गेले, नामदेवांनी अस्थी आणून इथे ठेवल्या. म्हणजे वारकऱ्यांनी चोखोबांना संत मानलं, पण त्यांच्या जातीला महाद्वाराच्या आत घेतलं नाही. वाटेवरही पुष्कळ काळ दिंड्या जातवार चालत, पंगती जातवार बसत. टँकर आला नाही म्हणून टाळ वाजत होते. दार बंद आहे म्हणून कोणाचे टाळ वाजत राहिल्याचं ऐकिवात नाही.

(दृश्य : तनपुरे महाराजांचा मठ. साने गुरुजींचा पुतळा.)

ते वाजले १९४७ साली. साने गुरुजींनी आधी महिनोन् महिने महाराष्ट्र पालथा घातला, राष्ट्र सेवादलाचं कलापथक बरोबर घेऊन. गावोगावी सभा, विहिरी आणि देवळं खुली करण्याची विनवणी. पंढरपुरात विरोधकांची घोषणा होती : "जाव साने भीमापार, नहीं खुलेगा विठ्ठलद्वार!" विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून धरलेल्या उपोषणाला जागा मिळाली ती या मठात. १ मे रोजी सुरू झालं, १० मे रोजी सुटलं. देवळाचे पिढीजात पुजारी असलेल्या बडव्यांशी बोलणी करायला काँग्रेसचे नेते दादासाहेब मावळणकर आले होते. खुद्द गांधीजींना हे उपोषण आधी पसंत नव्हतं. कायद्यानं होऊ घातलंय त्यासाठी प्राण कशाला पणाला, असा त्यांचा रोख.

मुंबई प्रांताचा मंदिर प्रवेशाचा कायदा त्याच वर्षी आला. पुढे संविधानात कलम १७ नं अस्पृश्यता संपवली, आणि कलम २५ नं सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थानं सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिला.

दार उघडलं तेव्हा ज्यांच्यासाठी ते उघडायचं, त्यांतले अनेक वळून निघालेले होते. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर १९३० पासून पाच वर्षं उभं राहून झालं होतं, १९३५ साली डॉ. आंबेडकरांची येवल्याची धर्मांतराची घोषणाही झाली होती. हे या चित्रणात नाही, पण ते लक्षात ठेवूनच ही पायरी पाहायला हवी.

(दृश्य : दर्शनरांग. लोखंडी कठडे. माणसं बसल्या बसल्या पुढे सरकतात.)

गाभाऱ्यात कॅमेरा जात नाही, म्हणून आपण रांगेतच थांबू. आत हक्क कोणाचा, हा वाद आणखी सदुसष्ट वर्षं चालला. बडवे, उत्पात आणि सात सेवाधाऱ्यांचे पिढीजात हक्क होते. देवापुढच्या उत्पन्नाच्या पाळीचा लिलाव होई. या हक्कांच्या चौकशीला नाडकर्णी आयोग नेमला गेला, १९७३ साली ते हक्क काढून घेणारा कायदा झाला, पण कोर्टकचेऱ्यांत मंदिराचा ताबा १९८५ पर्यंत लांबला. १५ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयात बडव्यांचं अपील फेटाळलं गेलं. त्याच वर्षी मंदिर समितीनं पूजेसाठी सगळ्या जातींतून, स्त्रियांकडूनही, अर्ज मागवले. समिती सरकार नेमतं. ती वारकरी निवडत नाहीत.

(दृश्य : तळ. रात्र उतरतेय. पुन्हा कोंडाळं.)

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी बजावलं होतं : धर्मात भक्ती मोक्षाची वाट असेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. ते बोलले राजकारणाबद्दल. गंमत अशी, की भक्तीच्या ऐन गाभ्यात, पालखीपुढे, ही माणसं रोज संध्याकाळी आरती अडवून धरतात आणि त्याला कोणी पाखंड म्हणत नाही. राष्ट्राचं पुनरुत्थान म्हणून भाषणं ठोकणाऱ्यांनी एकदा तळावर येऊन बघावं. आपल्याकडे आता आरती आधी सुरू होते.

(दृश्य : त्या दिंडीचे टाळ थांबतात. विणेकरी चोपदारांना नमस्कार करतो.)

टँकर येतोय. ट्रक सुटला. एक स्टीलचा डबा आणि एक काठी सापडलीय, ज्याची असेल त्यानं न्यावी. पालखी उद्या सकाळी साडेसहाला निघेल.

(आवाज : आरती.)