जिंदो : परत येणारा कुत्रा

श्रोतेहो, नमस्कार.

रानात कुत्र्याने हरीण पाडलं आणि मालक मैलभर मागे राहिला, तर कुत्रा काय करेल? आपल्या आळीतला मोत्या असता तर त्याने आधी पोट भरलं असतं. कोरियातला जिंदो मात्र शिकार तशीच टाकून मागे फिरतो, मालकाला हुडकतो आणि त्याला शिकारीपाशी घेऊन येतो, असं तिथले शिकारी सांगतात. हाताशी बंदूक नसायची. तीन-चार कुत्रे आणि त्यांच्या मागे धापा टाकत पळणारा माणूस, एवढ्यावर हरीण काय, रानडुक्करसुद्धा मारलं जायचं.

जिंदो हे मुळात बेटाचं नाव. दक्षिण कोरियाच्या नैऋत्य टोकाला, मुख्य भूमीपासून एका चिंचोळ्या सामुद्रधुनीने तुटलेलं. इथल्या पाण्याला ओढ भयंकर. १५९७ साली सेनापती यी सुन-शिन यांनी याच ओढीच्या भरवशावर अवघ्या तेरा जहाजांनिशी शंभराहून जास्त जपानी जहाजांचं आरमार परतवलं. बेटावर जायला पूल झाला तो थेट १९८४ साली. तोवर ये-जा होडीनेच, त्यामुळे बाहेरच्या कुत्र्यांची भेसळही फारशी झाली नाही.

हा कुत्रा बेटावर आला कुठून? कुणी म्हणतं, तेराव्या शतकात मंगोल फौजांबरोबर. कुणी म्हणतं, फुटलेल्या चिनी जहाजातून पोहत आला. लेखी पुरावा कशालाच नाही. मला तरी वाटतं, गावठी कुत्रंच पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरांत शिकार करून तयार झालं असावं.

दिसायला मध्यम चणीचा. नर ५० ते ५५ सेंटिमीटर उंच, ताठ त्रिकोणी कान, पाठीवर वळलेली शेपटी. पिल्लाचे कान आधी लोंबते असतात, वाढत्या वयात उभे राहतात. पांढऱ्याला म्हणतात बेकगू, पिवळसर तांबूस तो ह्वांगू. काळ्या कुत्र्याच्या भुवयांवर दोन तांबूस ठिपके असले की त्याला ‘चार डोळ्यांचा’ म्हणतात. ऋग्वेदात यमाचे दोन कुत्रे ‘चतुरक्ष’ आहेत, ते आठवून मी हे वाचताना थबकलोच!

स्वच्छतेचा मोठा भोक्ता. पिल्लू न शिकवताच घराबाहेर जाऊन विधी उरकतं. पण कुंपण घातलं म्हणून हा थांबेल असं नाही, शिकारीचा वास आला की गेलाच. आणि धनी एकच. जपानी अमदानीत, १९३८ साली या जातीला संरक्षण मिळालं, १९६२ साली कोरियन सरकारने तिला राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा ठरवलं, आणि पुढे १९६७ साली तिच्यासाठी खास कायदा झाला.

आता बेटावरच्या एका पांढऱ्या कुत्रीची गोष्ट. नाव रंगावरूनच, बेकगू. १९९३ साली तिला देजॉन शहरात विकलं. अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. नव्या घरातून ती निसटली आणि सात महिन्यांनी जिंदोवर, आपल्या जुन्या मालकिणीच्या, एका म्हातारीच्या, दारात येऊन उभी राहिली. अंगावर नुसती हाडं उरली होती. वाट कशी सापडली, वाटेत काय खाल्लं, कोण सांगणार? म्हातारीने तिला पुन्हा विकलं नाही. २००० साली ती गेली. बेटावर आता तिचा पुतळा आहे.