सावधान म्हणेपर्यंत

नमस्कार श्रोतेहो. स्टुडिओतला लाल दिवा आत्ता लागला आणि माझी नाडी दहा-बाराने वाढली असणार. वाढू दे. गेली नऊ वर्षं मी आणि माझी नाडी एकमेकांना ओळखून आहोत.

माझ्या दुखण्याचं नाव एट्रिअल फिब्रिलेशन. डॉक्टर मंडळी एएफ म्हणून मोकळी होतात. मी हौशी तबलजी, तेव्हा माझ्या भाषेत सांगतो. जिना चढलात की तुमचं हृदय द्रुत लयीत जातं, पण मात्रा जागच्या जागी असतात, सम सापडते. एएफमध्ये समच सापडत नाही. दोन ठोके चिकटून, मग एक लांब, मग तीन अंगावर कोसळल्यासारखे. पुढचा धा कधी पडेल, नेम नाही.

होतं असं, की हृदयाचे वरचे दोन कप्पे, शाळेच्या पुस्तकातले अलिंद, नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत राहतात. तिथे मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे विजेचे इशारे उठतात. सगळेच्या सगळे खाली पोचले तर कारभार आटोपलाच. पण मधे एक राखणदार आहे. लग्नात पंगतीच्या दाराशी एक मामा उभा असतो बघा, 'थांबा हो, आधीची पंगत उठू द्या' म्हणत. तसा. तो मोजकेच आत सोडतो. आता आनंद झाला, राग आला, भीती वाटली, की अंगात ॲड्रेनलिन उसळतं आणि हा मामा ढिला पडतो. गर्दी आत घुसते. बीटा ब्लॉकर जातीची गोळी त्या मामाच्या पाठीशी उभी राहते.

दुसरी गोळी रक्त गोठू न देणारी. थरथरत्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी धरते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. आमच्यासारख्यांना तो धोका इतरांच्या साधारण पाचपट. या गोळीचा धडधडीशी संबंध नाही. पुन्हा सांगतो, धडधडीशी संबंध नाही. नाडी सुतासारखी सरळ चाललेली असली तरी ती घ्यायची. 'आता बरं वाटतंय' म्हणून डॉक्टरांना न विचारता ती बंद करणारे दोघं माझ्या ओळखीत आहेत. दोघांनाही मी बोललोय, आणि दोघंही माझ्याशी बोलत नाहीत.

मग आमच्यासारख्यांनी आनंद करायचाच नाही का? २००६ साली जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला, तेव्हा म्युनिकच्या परिसरातल्या डॉक्टरांनी मोजदाद केली. जर्मनीचा सामना असेल त्या दिवशी हृदयाची तातडीची दुखणी एरवीच्या अडीचपटीहून जास्त, आणि त्यात लय बिघडलेलेही होते. क्रिकेटची शेवटची षटकं मी हे कळल्यापासून रेडिओवर ऐकतो. रेडिओवर बसलोय म्हणून म्हणत नाही, पण टीव्हीवर एकच चेंडू सहा वेळा दाखवतात आणि सहाही वेळा आपलं काळीज हलतं.

पण माझं मत वेगळं आहे, आणि ते बनलं माझ्या मुलीच्या लग्नात.

मुहूर्त दुपारी १२ वाजून २७ मिनिटांचा. मी पहाटे साडेतीनला उठलेला. उठलेला म्हणजे झोपलोच नव्हतो. कन्यादान होईपर्यंत मला उपास. पाणी प्यायचं ध्यानात नाही, पण चहा? जो पाहुणा येई त्याच्याबरोबर अर्धा अर्धा. सकाळच्या गोळ्यांची डबी बायकोच्या पर्समध्ये, पर्स दागिन्यांच्या खोलीत, खोलीला कुलूप आणि किल्ली मेव्हण्याच्या खिशात. मेव्हणा आइस्क्रीमवाल्याशी भांडायला गेलेला.

अंतरपाट धरला. बायको रीतीप्रमाणे तुळशीपाशी बसलेली, म्हणजे माझ्याकडे बघायला कोणी नाही. मंगलाष्टकं सुरू झाली. आता एक बोलून घेतो. मंगलाष्टकं नावाप्रमाणे आठ असावीत. आमच्याकडे अकरा झाली. आत्याचं स्वतः रचलेलं एक, मावशीचं एक, त्यात दोन्ही घराण्यांतल्या यच्चयावत माणसांची नावं गुंफलेली, आणि 'दंतवैद्य' या शब्दाशी 'सद्य' जुळवलेलं. माइक कोणी सोडेना.

सातव्या की आठव्याला पोरीचा चेहरा दिसला. मामाच्या पुढे मान खाली घालून उभी, मुंडावळ्या थरथरतायत. आणि माझ्या छातीत पारवा शिरल्यासारखी फडफड सुरू झाली. डाव्या मुठीत अक्षता, आणि मी उजव्या हाताने मनगट चाचपतोय. अक्षता गळून चाललेल्या.

तेवढ्यात माझं मनगट कोणीतरी धरलं. विहीणबाई! आदल्या दिवशीच सीमांतपूजनात साडीच्या रंगावरून त्या जरा फुगलेल्या होत्या. त्यांनी मला हाताला धरून मांडवाच्या कडेला नेलं. लोकांना वाटलं, झालं, मानापमान सुरू! फोटोवाला कॅमेरा घेऊन मागे.

श्रोतेहो, आमच्या विहीणबाई तीस वर्षं नर्स होत्या. त्यांनी घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं नाही. लक्षात ठेवा, लय वेडीवाकडी असेल तेव्हा पूर्ण मिनिट मोजायचं, पूर्ण मिनिट. १४२ भरले. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. "छातीत दुखतंय? चक्कर येते? दम लागतोय?" नाही, नाही, नाही. हसून दाखवा म्हणाल्या, दोन्ही हात वर करा म्हणाल्या. मी केलं. "यातलं काही जरी बिघडलेलं असतं ना व्याहीबुवा, तर मुहूर्त बाजूला आणि १०८ला फोन. आता सांगा, गोळी कुठाय आणि चहा किती झाले?"

मी म्हटलं, मोजले नाहीत.

"नाडी मोजता, चहा मोजत नाही?"

गुरुजींना त्यांनी तिथूनच विचारलं. गुरुजी अक्षता टाकता टाकता म्हणाले, औषधाला उपास नसतो, खाऊ दे त्यांना. पुतण्याने मेव्हण्याला शोधून किल्ली आणली. मला वाटलं, उशीर झालाय तर दोन गोळ्या घ्याव्यात. बाईंनी माझ्या हातातली दुसरी काढून घेतली. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून डबल घ्यायची नाही. दोन ग्लास पाणी, वाटीभर दहीभात, पंख्याखाली खुर्ची. त्या शेजारी बसून माझ्याबरोबर श्वास घेत होत्या. आत चार मात्रा, बाहेर आठ. तबलजीला हे जमतं. मांडवात 'शुभमंगल सावधान' झालं, ताशा वाजला, आणि पोरीच्या डोक्यावर टाकायच्या अक्षता मी खुर्चीतून टाकल्या. त्या समोरच्या आजोबांच्या टोपीत पडल्या.

पाऊण तासाने ९६. कन्यादान झालं. दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला, डॉक्टरांनी जे बोलायचं ते बोलले.

तेव्हा माझं मत असं, की फडफड आनंदाने उठली असेल, पण तिला वाट करून दिली उपाशी पोटाने, जागरणाने, चहाने आणि कुलपातल्या गोळीने. मुलीचा चेहरा काही मी बदलू शकत नव्हतो. डबी खिशात ठेवू शकत होतो. त्या दिवसापासून सकाळची गोळी दात घासल्यावर लगेच, मग जगात काही का होईना. मोठ्या प्रसंगाच्या आदल्या रात्री झोप. तासातासाला पाणी. भांडायची कामं मेव्हण्याकडे. आणि मुलाने हौसेने दिलेलं ते नाडी दाखवणारं घड्याळ मी काढून ठेवलंय. ते मनगटावर किणकिणलं की मला त्याच्याच आवाजाने धडकी भरते. माझा मुलगा हे ऐकत असेल, ऐकू दे. तुमच्या डॉक्टरांनी घालायला सांगितलं असेल तर मात्र तुम्ही घाला.

पाठवणीचं राहिलं. बायको म्हणाली, तुम्ही दाराशी येऊ नका, सोसायचं नाही. मी खुर्ची घेऊन दाराशीच बसलो. पोरगी गळ्यात पडली, मी पोटभर रडलो. नाडी मोजली नाही.

काचेपलीकडून बोट दाखवतायत, वेळ संपली. पुढच्या रविवारी नातीचं बारसं आहे. विहीणबाईंचा सकाळीच फोन येऊन गेला. बाळाचं नाव काय ठरलं ते त्यांनी सांगितलं नाही. "डबी कुठाय?" एवढंच विचारलं. ही इथे आहे, शर्टाच्या खिशात. वाजवून दाखवतो, ऐका.