कंबरेचा गाळलेला शेजारी

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय ‘कंबर बळकट करणारा पूल’ असा छापलाय. मी दिलेल्या शीर्षकात आणखी एक शब्द होता, तो संयोजकांनी लाजून गाळला. कुल्ले. हसा, हसून घ्या, म्हणजे पुढे मला मोकळेपणी बोलता येईल.

आपण कंबर कसतो, कुणाच्या पाठीशी उभे राहतो. कुल्ल्यांच्या वाट्याला काय, तर ढुंगणाला पाय लावून पळणं! पण त्या वाक्प्रचारात नकळत शास्त्र आलंय. सपाट रस्त्यानं सावकाश चालताना हा स्नायू फारसा जोर लावत नाही. धावताना, जिना चढताना, खुर्चीतून उठताना खरा कामाला लागतो. शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू, आणि आपण त्याची उशी करून ठेवलीय.

माझंच सांगतो. तीन महिने मी हा पूल, म्हणजे ब्रिजचा व्यायाम, मोठ्या दिमाखात चुकीचा केला. उताणं पडायचं, गुडघे वाकवायचे आणि अंग वर. किती वर? जमेल तितकं! पाठीची पार कमान. घरी येईल त्याला दाखवायचो. कंबर रोज धरायची, त्याचाही मला अभिमान. म्हटलं, स्नायू तयार होतायत. एकदा मांडीच्या मागे असा गोळा आला की मी धाडकन खाली. बायको म्हणाली, “उद्घाटनाआधीच पडला का हो पूल?” शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. तिनं मला वर उचलायला लावलं, कुल्ल्यावर बोट दाबून पाहिलं आणि म्हणाली, “काका, सगळा भार कंबरेनं घेतलाय. हे गृहस्थ झोपलेत.”

चिठ्ठी आली. दोन मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

उताणे झोपा, गुडघे वाकवा, तळवे जमिनीवर. टाचा कुल्ल्यांपासून फार लांब नकोत, नाहीतर मांडीमागचे स्नायू काम हिसकावतात. माझा गोळा तिथलाच. आधी कंबरेखालची पोकळी जमिनीला हलकेच टेकवा. मग श्वास सोडत कुल्ले आवळा आणि आवळल्यावरच टाचा दाबून उचला. हा क्रम चुकला की माझं झालं तेच. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेष झाली की बस, त्यापुढे उंची मिळते ती कंबर वाकवून. दोन-तीन सेकंद थांबा, सावकाश खाली या. 10-12 वेळा, अशा 2 फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. मणक्यालगतच्या स्नायूंनी यात कंबर स्थिर धरायची, तेवढंच त्यांचं काम. सोपं वाटू लागलं तर एक पाय उचलून करा. ओटीपोट एका बाजूला कललं तर पुन्हा दोन पायांवर या. पायात कळ उतरली, मुंग्या आल्या तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

पालथं झोपून हात-पाय उचलायचा प्रकारही आज सांगणार होतो. तो राहिला. हो, हो, उठतोच आहे. आवळूनच उठतोय, बघा.