रस्ता किती फुटी?

(दृश्य : रात्रीची वेळ. गावचं सभागृह. घडीच्या खुर्च्या, टेबलावर पसरलेला नकाशा, त्याच्या चारही कोपऱ्यांवर कॉफीचे कप.)

हे कनेक्टिकट. अमेरिकेच्या ईशान्य भागातलं राज्य. क्षेत्रफळ आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी, पण गावं आणि शहरं मिळून १६९, आणि प्रत्येकाचा कारभार वेगळा. जिल्हा पातळीचं सरकार तिथे १९६० मध्येच मोडीत निघालं. त्यामुळे कुठे घरं बांधायची, रस्ता किती रुंद ठेवायचा, गाड्यांना किती जागा सोडायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आणि ठरवतं कोण? बहुतेक गावांत, समोर बसलेल्यांसारखी माणसं. दिवसा आपापली नोकरी, आपापलं दुकान. संध्याकाळी जेवून-खाऊन बिनपगारी नियोजन समितीच्या बैठकीला यायचं. बिल्डरचा अर्ज येतो. समिती नियमावली उघडते. रस्ता अमुक फूट. दोन्ही कडांना कर्ब, म्हणजे उंच उभी पट्टी. कर्बच्या कडेने जाळी, जाळीखाली पाइप, पाइपचं तोंड जवळच्या ओढ्यात. सगळं नियमात बसतं. शिक्का.

त्या शिक्क्याबरोबर पाऊस कुठे जाणार हेही ठरून जातं. ते मात्र त्या टेबलावर कुणाच्या लक्षात येत नाही.

(दृश्य : पत्र्याच्या पन्हळीतून पडणारी धार. खाली सिमेंटची फरशी.)

एक साधा हिशेब करू. शंभर चौरस मीटरचं छत घ्या. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक बऱ्यापैकी सर आली, की अडीच हजार लिटर पाणी झालं. दहा हजार लिटरच्या टँकरचा चौथा हिस्सा, एका छतावरून. मोकळ्या मातीत यातलं बरंचसं मुरलं असतं. छत, डांबर आणि काँक्रीट ते मुरू देत नाहीत. उलट ऑइल, खत, कुत्र्यांची घाण, जे वाटेत सापडेल ते घेऊन पाणी पाइपमधून धावत सुटतं. कनेक्टिकटमध्ये ते शेवटी लाँग आयलंड साउंड या समुद्राच्या पट्ट्यात जातं. नायट्रोजन वाढून उन्हाळ्यात तिथल्या तळाचा प्राणवायू संपू लागला, तेव्हा नुसती कारखान्याची नळी शोधून भागणार नव्हतं. ही घाण सांडपाण्याच्या केंद्रांतून तर येतच होती, पण हजारो अंगणांतूनही येत होती.

१९९१ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाच्या विस्तार विभागाने एक काम हाती घेतलं. आपल्याकडे राहुरीचं किंवा दापोलीचं कृषी विद्यापीठ शेतकऱ्याच्या बांधावर जातं, तसे हे लोक समितीच्या टेबलापर्यंत गेले. कामाचं नाव नेमो, म्हणजे अशा विखुरलेल्या जागांतून येणाऱ्या घाणीबद्दल गावच्या कारभाऱ्यांचं शिक्षण. आंदोलन नाही, कोर्टकचेरी नाही. तासाभराचं सादरीकरण आणि नकाशे.

नकाशे मात्र त्या गावाचेच. पहिल्या नकाशात आज गावातली किती जमीन छताखाली आणि डांबराखाली गेली आहे ते. दुसऱ्यात तुमच्याच नियमावलीप्रमाणे सगळे प्लॉट बांधून झाले की काय होईल ते. आणि सोबत सिग्नलचे तीन रंग. ओढ्याच्या पाणलोटात पाणी न मुरणारी जमीन दहा टक्क्यांच्या आत असेल तर हिरवा. दहाच्या पुढे ओढा आजारी पडायला लागतो, तो पिवळा. पंचवीसच्या वर गेलं की लाल.

हे आकडे म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. ओढ्याओढ्यात फरक असतो. पण समितीतल्या माणसाला जलशास्त्राचं पुस्तक नको असतं. त्याला आपल्या घरामागचा ओढा कुठल्या रंगात चाललाय ते दिसायला हवं. माझ्या मते या सगळ्या कहाणीतली खरी करामत तो दुसरा नकाशा आहे. गाव बिघडवायला कुणी नियम मोडायची गरज नाही, नियम पाळले तरी पुरे, हे तो एका नजरेत सांगतो.

(दृश्य : समुद्रालगतची छोटी वसाहत. विटांसारख्या ठोकळ्यांचा अरुंद रस्ता, कडेला कर्ब नाही.)

नकाशा पटला, तरी पुढचा प्रश्न येतोच : "दाखवा कुठे केलंय ते."

ते दाखवायला हे वॉटरफर्ड, कनेक्टिकटमधलंच एक गाव. इथल्या जॉर्डन कोव्ह खाडीजवळ १९९५ च्या सुमारास दहा वर्षांचा प्रयोग सुरू झाला. एकीकडे नेहमीच्या पद्धतीची सतरा घरं. शेजारी, जुन्या खडीच्या खाणीच्या जागेवर, बारा घरं वेगळ्या पद्धतीने. आणि तुलनेला आधीच बांधलेली एक जुनी वस्ती. तिन्ही ठिकाणांहून वाहून जाणारं पाणी वर्षानुवर्षं मोजलं.

या बारा घरांत वेगळं काय? घरं जरा जवळजवळ, म्हणजे बाकी जमीन मोकळी. रस्ता कमी रुंदीचा, आणि डांबराऐवजी सांध्यांतून पाणी पिणारे ठोकळे. कडेला पाइपऐवजी उथळ गवती चर. प्रत्येक घराच्या अंगणात एक खोलगट वाफा. छताचं पाणी त्यात उतरतं, झाडांच्या मुळाशी थांबतं आणि मुरतं. त्याला तिकडे रेन गार्डन म्हणतात.

आणि हा गोल पाहा. रस्ता जिथे संपतो तिथला, गाडी वळवायचा. असा गोल आपल्याकडेही असतो. आपण काय करतो? कर्ब बांधून मध्ये मातीचा ढीग ओततो, वर गवत. इथे मधली जागा रस्त्यापेक्षा खाली घेतली आहे. पाऊस आला की रस्त्याचं पाणी आपल्या पायाने आत चालत येतं. ना पंप, ना झडप.

निकाल? नेहमीच्या वसाहतीतून वाहून जाणारं पाणी बांधकामानंतर शेकडो पटींनी वाढलं. बारा घरांच्या वसाहतीत ते वाढलंच नाही.

सगळंच गोड झालं असं नाही. गवती चर हिरवेगार दिसावेत म्हणून खत घातलं गेलं, आणि फॉस्फरसचा हिशेब बिघडला. हौसेने केलेली हिरवळसुद्धा ओढ्याला महाग पडते.

(दृश्य : महाराष्ट्रातली कुठलीही सोसायटी. पेव्हर ब्लॉकचं आवार, त्यावर घोटाभर पाणी.)

आता घरी येऊ. हे पेव्हर ब्लॉक आणि वॉटरफर्डचे ठोकळे, दुरून बघाल तर सख्खे भाऊ वाटतील. पण तिथे ठोकळ्यांखाली खडीचे थर आहेत आणि सांधे मोकळे आहेत. इथे कित्येकदा खाली आधी काँक्रीटचा कोबा, वर ब्लॉक, आणि सांध्यांत सिमेंट. पाणी मुरायचं कुठे?

पाणी मुरवणं आपल्याला नवीन आहे असं मुळीच नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घराघरांत शोषखड्डे घेऊन सांडपाण्याची उघडी गटारं बंद केली, डास हटले, आणि 'नांदेड पॅटर्न' हा शब्द सरकारी कागदांत गेला. नियमही आहे. मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्याला लागू झालेल्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडाला रेनवॉटर हार्वेस्टिंग सक्तीचं आहे. पण ते भूखंडाच्या कुंपणाच्या आतलं झालं. कुंपणाबाहेरच्या रस्त्याचं काय?

(दृश्य : रस्ता दुभाजक, जवळून. कर्बच्या वर आलेली माती. पावसात तिचा लाल ओघळ रस्त्यावर.)

हा दुभाजक बघा. माती कर्बच्या चार बोटं वर. पाऊस पडला की ती रस्त्यावर येते, रस्त्यावरून जाळीत जाते, आणि पुढच्या मे महिन्यात त्याच जाळीतला गाळ काढायचं टेंडर निघतं. शेजारी टँकर उभा आहे, याच झाडांना पाणी घालायला. माती वीतभर खाली घेतली आणि कर्बला दर काही मीटरवर एक फट ठेवली, तर रस्त्याचं पाणी झाडांना मिळेल. जिथे रस्त्याचा उतार दुभाजकाकडे आहे तिथे यासाठी फार काही बांधावंही लागत नाही.

मग होत का नाही? सरळ विचारलं तर वॉर्ड ऑफिसात कुणीही सांगेल. कर्ब पथ विभागाचा. आतली माती आणि झाडं उद्यान विभागाची. जाळी आणि पाइप ड्रेनेजचा. फटीतून आत आलेला कचरा उचलायचा तो घनकचऱ्याने. चार विभाग, चार बजेट, आणि इस्टिमेट ज्या दरसूचीवरून करायचं तिच्यात उंच दुभाजकाचा दर तयार आहे. खोलगट दुभाजकाचं इस्टिमेट करायला कनिष्ठ अभियंत्याने बसायचं, तर त्याला दराचं विश्लेषण स्वतः मांडावं लागतं, आणि उद्या ऑडिटमध्ये 'हे वेगळं का केलं?' याचं उत्तरही त्यालाच द्यावं लागतं.

त्याच्या हातात आज काय द्यायचं? तो दुसरा नकाशा, त्याच्याच वॉर्डाचा. आणि दरसूचीत एक नवीन ओळ.

(दृश्य : दुभाजकाच्या कडेला वाकून मोजपट्टी लावणारा हात. पट्टीवर आकडा दिसतो. आवाज बंद.)