अर्ज नोव्हेंबरचा, पैशांचे फॉर्मही नोव्हेंबरचेच

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं अकरावी-बारावीत आहेत आणि इथल्या, अमेरिकेतल्या, कॉलेजांना अर्ज करणार आहेत. निबंध, एसएटी, मुलाखती यांवर इतर वक्ते बोलतीलच. मी फक्त पैशांच्या, म्हणजे कॉलेजकडे आर्थिक मदत मागायच्या, फॉर्मांवर बोलणार आहे, आणि तेही नोव्हेंबरातच अर्ज करणाऱ्यांसाठी. आमच्या घरात नेमकी तिथेच चूक झाली होती.

आमच्या मोठीने एका कॉलेजला अर्ली डिसिजनने, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असं कबूल करून, अर्ज केला. मुदत १ नोव्हेंबर. आदल्या रात्री अर्ज गेला, आम्ही देवापुढे साखर ठेवली आणि निश्चिंत झालो. मदतीचे फॉर्म प्रवेश मिळाल्यावर भरायचे, असं मी धरून चालले होते. भारतात मी तसंच पाहिलं होतं: आधी यादीत नाव, मग फी, मग शिष्यवृत्तीचा अर्ज. डिसेंबरच्या मध्यावर प्रवेशाचं पत्र आलं. लेक ओरडत जिन्यावरून खाली आली. पत्राखाली पोर्टलवर लाल अक्षरांत एक ओळ होती: आर्थिक मदतीचा अर्ज अपूर्ण. त्यांच्या मदत कार्यालयाची मुदत १५ नोव्हेंबरलाच संपली होती. फॉर्म त्याच रात्री भरला, पण नाताळच्या सुट्टीत कार्यालय बंद. डिपॉझिटची तारीख जानेवारीच्या सुरुवातीला. वर्षाला नक्की किती भरावे लागणार हे कळायच्या आधी आम्ही चार वर्षांचा शब्द देऊन बसलो. आकडा नंतर आला, निभावलं. पण ते तीन आठवडे मला झोप नव्हती.

तर अर्ली डिसिजन म्हणजे शब्द देणं. त्या करारावर मूल सही करतं, पालक करतात आणि शाळेचा काउन्सेलरही करतो. प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. यातून बाहेर पडायची मान्य वाट एकच आहे: कॉलेजने देऊ केलेल्या मदतीत शिक्षण परवडत नसेल तर मुलाला नकार देता येतो. पण एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायच्या कॉमन अ‍ॅपवरच्या कराराचे शब्द नीट वाचा. ही सवलत मदतीसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याला आहे. ज्यांनी मदत मागितलीच नाही, त्यांच्यासाठी ती वाट लिहिलेली नाही. म्हणून ‘आपल्याला कुठे मिळणार मदत’ म्हणत फॉर्म टाळू नका.

अर्ली अ‍ॅक्शनचं तसं नाही. अर्ज लवकर जातो पण शब्द दिलेला नसतो, उत्तर लवकर येतं, निर्णय १ मेपर्यंत घेता येतो, चार कॉलेजांचे आकडे शेजारी ठेवून पाहता येतात. पैशांचा प्रश्न खरा असेल तर मी हाच मार्ग सुचवते.

आता फॉर्म. पहिला फाफ्सा, सरकारी मदतीचा अर्ज, फुकट. एरवी १ ऑक्टोबरला उघडतो. २०२४-२५ चा नवा फॉर्म मात्र २०२३ च्या डिसेंबरअखेरीस उघडला, म्हणजे त्या वर्षी अर्ली डिसिजनचे निकाल फाफ्साच्या आधी लागले. दुसरा सीएसएस प्रोफाइल, एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचा. अनेक खासगी कॉलेजं स्वतःच्या तिजोरीतली मदत यावर ठरवतात. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. अमेरिकेतल्या कुटुंबाचं उत्पन्न १ लाख डॉलरपर्यंत असेल तर माफ. तोही १ ऑक्टोबरला उघडतो, आणि अर्ली अर्जासाठी बहुतेक ठिकाणी त्याची मुदत नोव्हेंबरातच असते. वर काही कॉलेजं आयडॉक या कॉलेज बोर्डाच्या साइटवर टॅक्स रिटर्न आणि डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक दाखला) चढवायला सांगतात, त्याची तारीख वेगळी. प्रत्येक कॉलेजची तारीख त्यांच्या मदत कार्यालयाच्या पानावरून घ्या, प्रवेशाच्या पानावरून नको.

‘यंदाचा टॅक्स भरल्यावर बघू’ हे मी फार ऐकते. थांबायची गरजच नाही. २०२७ च्या ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणाऱ्या मुलासाठी २०२५ चा टॅक्स लागतो. तो तुम्ही भरून मोकळे झालेले असता.

आता आपल्या लोकांचा अडणारा प्रश्न: पुण्यातला फ्लॅट. आमचा कोथरूडला आहे, सासूबाई राहतात, कागदावर नाव माझ्या नवऱ्याचं. भाडं येत नाही, विकायचा विचार नाही, म्हणून तो आपला नाहीच असं मनाने धरलेलं. पण फाफ्सात राहतं घर सोडून बाकीची मालमत्ता लिहावी लागते, ती भारतात असली तरी. सीएसएस तर राहत्या घराचीही किंमत आणि कर्ज विचारतो. आम्ही काय केलं ते सांगते. त्याच सोसायटीतल्या दोन अलीकडच्या विक्रीचे भाव दिरांनी कळवले, त्यावरून किंमत धरली, राहिलेलं कर्ज वजा केलं, त्या दिवसाच्या दराने डॉलर केले आणि तो कागद फाइलला लावला. सीएसएसमध्ये विशेष परिस्थिती लिहायला जागा असते. तिथे लिहिलं की या घरात आई राहते, ते विकता येणार नाही. कॉलेजने ते किती मानलं ते त्यांनाच ठाऊक. पण लपवलं नाही. एफडीचंही तसंच. गावची जमीन भावंडांत सामायिक असेल तर आपल्या वाट्याचीच किंमत लिहायची.

व्हिसाबद्दल गैरसमज खूप आहेत. मूल इथे जन्मलेलं असेल आणि आईवडील एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असतील, तर मूल फाफ्सा भरू शकतं. पालकांचा व्हिसा आड येत नाही, सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पालकालाही खातं काढता येतं. मूल स्वतः एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल तर मात्र केंद्र सरकारची मदत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या घरांवर हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. इथल्याच शाळेत वाढलेल्या या मुलांना बरीच खासगी कॉलेजं परदेशी विद्यार्थी म्हणून धरतात. अशांपैकी काही ठिकाणी मदत मागितल्याचा परिणाम प्रवेशावर होतो, आणि प्रवेशाच्या वेळी मागितली नाही तर पुढे चार वर्षं मागता येत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट इथे परदेशी मुलांच्या बाबतीतही प्रवेश ठरवताना ऐपत पाहत नाहीत. एच-४च्या मुलांनी यादी करताना आधी हे तपासावं.

आणि मार्क उत्तम आहेत म्हणून स्कॉलरशिप मिळेल, ही आशा हार्वर्ड-येलसारख्या विद्यापीठांच्या आयव्ही लीग या गटाबाबत सोडा. ती आठही विद्यापीठं गुणांवर पैसे देत नाहीत, फक्त गरजेवर देतात.

धाकट्याच्या वेळी आम्ही ऑगस्टमध्येच बसलो. कायद्यानेच या कॉलेजांना आपल्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता आपल्याला किती भरावं लागेल याचा अंदाज देणारं साधन, ठेवावा लागतो. जेवणं झाल्यावर टेबलावर लॅपटॉप, शेजारी टॅक्स रिटर्न, आणि त्याला मध्ये बसवलं. त्याच्या आवडत्या कॉलेजचा आकडा आला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आई, याला बाबांचं निम्मं उत्पन्न जाईल.” त्याच्यापासून पैशांचा विषय दूर ठेवायचा माझा हट्ट त्या रात्री मी सोडला. अर्ली डिसिजनचा बेत रद्द केला, चार ठिकाणी अर्ली अ‍ॅक्शन केलं, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही फॉर्म पाठवले.

आता प्रश्न घेऊ. ज्यांनी टॅक्स रिटर्न आणले आहेत ते मागच्या टेबलावर या. फाफ्साच्या खात्याची पडताळणी व्हायला काही दिवस लागू शकतात आणि मुलाचं व पालकाचं खातं वेगळं काढावं लागतं. ते आजच करून टाकू.