पहिलं पाऊल

श्रोतेहो, नमस्कार.

हनोईत मी पाच वर्षं राहिले, 2012 ते 2017. व्हिएतनामच्या राजधानीत एका भाषाशाळेत इंग्रजी शिकवत होते. 'राहिले' म्हणतेय, 'फिरून आले' म्हणत नाही. सात दिवसांत तीन देश दाखवणाऱ्या सहली निघतात, त्यांना जरूर जा. पण कधी जमलं तर एकाच गावात दोन महिने राहा, रोज एकाच बाईकडून भाजी घ्या आणि ती तुम्हाला काय म्हणून हाक मारायला लागते ते ऐका.

कारण तिथे सगळं हाकेवर चालतं. रोजच्या बोलण्यात मी-तू जवळजवळ नाहीच. समोरची थोडी मोठी असेल तर ती ताई आणि मी धाकटी. आईवडिलांपेक्षाही मोठी असेल तर ती 'बाक', म्हणजे आपली थोरली काकू म्हणा. तिच्याशी बोलताना मी स्वतःला 'चाउ' म्हणायचं, म्हणजे पुतणी, भाची. म्हणून तर पहिल्या भेटीत माणसं वय विचारतात. वय कळल्याशिवाय वाक्य सुरूच होत नाही! आपल्याकडे काका, मावशी, आत्या, वहिनी अशी भरगच्च नाती आहेत आणि आपण सरसकट अंकल-आंटी करून टाकलं, याचं मला तिथे फार वाईट वाटायचं. घरात लहान मुलं असतील तर त्यांना शेजारणीला मावशी म्हणायला शिकवा, एवढं माझं ऐका.

असो. तर ही हाक लक्षात ठेवा. ती 'बाक', मी 'चाउ'.

ही बाक म्हणजे माझी घरमालकीण, पासष्टीची, एकटी. घर हनोईत असतं तसं, चार मीटर रुंद आणि चार मजले उंच. खालच्या बैठकीतच स्कूटर उभी, सगळ्यात वर पूर्वजांचा देव्हारा, आणि मी तिसऱ्या मजल्यावर.

आता तेत. तेत म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, आपली दिवाळी आणि पाडवा एकत्र करा इतकं मोठं. आठवडाभर आधी, बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी चुलीचे देव वर्षाची खबर द्यायला माशावर बसून वर जातात, म्हणून लोक तळ्यात मासे सोडतात. रस्त्यातून स्कूटरवर पीचच्या गुलाबी फांद्या आणि संत्र्यासारखी इवली फळं लागलेली अख्खी झाडं जातात. आणि घरोघरी बान्ह चुंग शिजतो. चिकट तांदूळ, मधे मुगाची डाळ आणि डुकराचं मांस, सगळं हिरव्या पानात चौकोनी बांधायचं आणि दहा-बारा तास उकळायचं. भल्या मोठ्या पातेल्याशेजारी रात्रभर बसून राहतात माणसं. हळदीच्या पानातल्या पातोळ्यांसारखाच वास पसरतो घरभर.

या तेतमध्ये सगळ्यात महत्त्वाचं काय, तर पहिलं पाऊल. मध्यरात्र उलटल्यावर घरात बाहेरून पहिलं पाऊल कोण टाकतं, त्यावर घराचं वर्ष ठरतं. म्हणून ते माणूस आधी ठरवून ठेवतात.

2014 सालचा तेत 31 जानेवारीला होता. त्याच्या तीन दिवस आधी बाक जिना चढून वर आली. म्हणाली, यंदा पहिलं पाऊल तू टाक. बारा वाजायच्या आत बाहेर जाऊन थांब आणि नंतर दारातून आत ये. त्यांच्याकडे वर्षांना आळीपाळीने बारा प्राण्यांची नावं असतात. मी 1982 ची, त्यांच्या हिशेबाने कुत्र्याच्या वर्षातली. येणारं वर्ष घोड्याचं. घोडा आणि कुत्रा यांचं जमतं. ती खूश होती.

आणि मी गप्प.

माझे वडील नोव्हेंबरात गेले होते. मी सांगलीला गेले, दिवस केले, परत आले. बाकला एवढंच सांगितलं होतं की घरी आजारपण आहे. पुढचं सांगायला माझ्याकडे भाषा नव्हती, आणि खरं म्हणजे सांगावंसं वाटलं नव्हतं. पण एव्हाना मला ठाऊक झालं होतं की ज्याच्या घरी मृत्यू झालाय तो तेतला दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकत नाही. आपल्याकडे वर्षभर सण करत नाहीत, तसंच. हो म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण तिच्या घराचं वर्ष होतं ते.

मी सांगितलं, "बाक, चाउचे वडील गेले."

ती काही बोलली नाही. खाली निघून गेली. मला वाटलं, दुखावली. पंधरा मिनिटांनी परत आली ती काचेचा पेला घेऊन. पेल्यात तांदूळ, त्यात खोचलेल्या तीन उदबत्त्या. कपाटावर, माझ्या डोक्यापेक्षा उंच, तिने तो ठेवला. मग विचारलं, तिथी कोणती?

कारण तेही वर्षश्राद्ध तिथीने करतात, तारखेने नाही! मी मागच्या वर्षीचं कालनिर्णय काढलं. कार्तिक वद्य अष्टमी, 25 नोव्हेंबर. तिने विचारलं, अमावास्या कधी होती? मी लक्ष्मीपूजनाच्या चौकोनावर बोट ठेवलं, 3 तारीख. तिथून तिने एक-एक चौकोन मोजला आणि 25 वर थांबली. म्हणाली, दहावा महिना, दिवस तेविसावा. त्यांच्यात शुद्ध-वद्य नसतं, सरळ तीसपर्यंत मोजतात. पंधरा आणि आठ तेवीस. बरोबर जुळलं.

मग म्हणाली, कसे होते? माझ्याकडे शब्द किती थोडे. मी म्हटलं, चहा बशीत ओतून प्यायचे. आणि हाताने करून दाखवलं.

त्या तेतला पहिलं पाऊल शेजारच्या शाळकरी मुलाने टाकलं, वाघाच्या वर्षातल्या. मी वर खोलीतच बसले. सकाळी दारावर टकटक. बाक नव्या कपड्यांत, हातात बान्ह चुंग, मांस न घातलेला, नुसत्या मुगाच्या डाळीचा. दोन वर्षांत ती कधी विचारून आत आली नव्हती. त्या दिवशी उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "येऊ का आत, कॉन?"

चाउ नाही म्हणाली. कॉन. कॉन म्हणजे पोटचं मूल. माझ्या खोलीतलं त्या वर्षीचं पहिलं पाऊल तिचं.

पुढे वर्षश्राद्ध आलं. 2014 मध्ये कार्तिक वद्य अष्टमी 14 नोव्हेंबरला होती. सांगलीला भावाने सगळं केलं. मी बाकला सांगितलं, तर ती म्हणाली, अजून नाही. त्यांचा अधिक महिना त्या वर्षी नवव्यानंतर आला होता. आपला अधिक आषाढ पुढच्या वर्षी, 2015 मध्ये यायचा होता. त्यामुळे तिची तिथी महिन्याने पुढे गेली होती, 14 डिसेंबरला.

त्या दिवशी ती तबक घेऊन वर आली. चिकट भात, केळी, उदबत्त्या, हिरव्या चहाचा एक पेला आणि शेजारी रिकामी बशी. तबक तिने कपाटावर ठेवलं, उदबत्त्या लावल्या, आणि पेल्यातला चहा सावकाश बशीत ओतला.